पदवी कोण वाचणार आहे?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून २२ वर्षांच्या तरुणीचं पत्र आलं आहे. तिने जुन्या पॅटर्नने तीन वर्षांची बी.एस्सी. केली, विषय रसायनशास्त्र, गुण ६८ टक्के. सध्या ती एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला ट्रेनी आहे. परदेशात एम.एस्सी. करायची तिची इच्छा आहे. एजंटने इंग्लंडची एक वर्षाची एम.एस्सी. सुचवली आहे, सगळा खर्च धरून ३० लाखांच्या आसपास, म्हणजे घर तारण ठेवावं लागणार. पुण्याचे मामा म्हणतात, जर्मनीला जा, दोन वर्षांची पदवी मिळेल आणि फी जवळजवळ नाही. बाबांचं म्हणणं असं की एक वर्षाची एम.एस्सी. आपल्याकडे कुणी धरत नाही, तीन वर्षांची बी.एस्सी. तिकडे कुणी धरत नाही, आणि मामांनी दाखवलेल्या जर्मन संस्थेच्या नावात ‘हॉखशूल’ आहे, म्हणजे ते हायस्कूलच असणार. धाकटा भाऊ नव्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहे. ती विचारते: ‘कोणत्या देशाची एम.एस्सी. सगळ्यात वरची मानतात? माझ्या ६८ टक्क्यांची तिकडे किंमत किती? आणि भावाची पदवी माझ्यापेक्षा मोठी ठरणार का?’

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, या मुलीला माहिती हवी आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की माहिती तुझ्याकडे भरपूर आहे. एजंटची वेगळी, मामांची वेगळी, बाबांची वेगळी. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून तर तुला उलगडा होत नाही.

या सगळ्या बोलण्याखाली एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जगात कुठेतरी एक मोठी नोंदवही असेल, तिच्यात प्रत्येक देशाच्या प्रत्येक पदवीपुढे तिची जागा लिहिलेली असेल, ती एकदा पाहिली की झालं. अशी वही कुठेच नाही. पदवीची बरोबरी दर वेळी नव्याने ठरते आणि ती कुणीतरी कशासाठी तरी ठरवतं. जर्मन विद्यापीठाचा रसायन विभाग विचारतो, ‘ही मुलगी आमच्या पहिल्या सत्रात टिकेल का?’ व्हिसा देणारा विचारतो, ‘कागद खरे आहेत का?’ आपल्याकडचं विद्यापीठ विचारतं, ‘हिला पीएच.डी.ला बसू द्यायचं का?’ कुरकुंभ किंवा लोटे एमआयडीसीच्या कारखान्यातला लॅब मॅनेजर विचारतो, ‘हिला एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र, चालवता येतं का?’ पदवी एकच, पण या चौघांची उत्तरं चार येऊ शकतात आणि चारही बरोबर असू शकतात. म्हणून ‘कुठली पदवी मोठी’ हा प्रश्न जरा बाजूला ठेव. पुढच्या दहा वर्षांत तुझी पदवी कोण वाचणार आहे, याचा आधी विचार कर.

आता बाबांची पहिली शंका. तीन वर्षांची बी.एस्सी. तिकडे धरत नाहीत, हे अमेरिकेपुरतं बरंचसं खरं होतं आणि काही विद्यापीठांत अजूनही आहे. तिथे बारावीनंतर चार वर्षं आणि साधारण १२० क्रेडिट म्हणजे पदवी. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं काम मोजायचं एकक. त्यातली पहिली दीड-दोन वर्षं इतिहास, भाषा, गणित अशा सर्वसाधारण शिक्षणात जातात. तिथे केंद्र सरकारची एकच समकक्षता कचेरी नाही. प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं किंवा खासगी मूल्यांकन संस्थेचा अहवाल मागतं. त्यामुळे एकाच शहरातली दोन विद्यापीठं तुझ्या बी.एस्सी.ला वेगवेगळी उत्तरं देऊ शकतात.

युरोपात चित्र वेगळं आहे. १९ जून १९९९ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पदवी, त्यानंतर पदव्युत्तर, अशा पायऱ्या आणि क्रेडिटचं एकच माप सगळ्यांनी वापरायचं, असं ठरलं. डॉक्टरेटची पायरी पुढे जोडली गेली. आज तिथली पहिली पदवी १८० ते २४० क्रेडिटची असते, वर्षाला ६० क्रेडिट. म्हणजे १८० क्रेडिटची पदवी तीन वर्षांचीच. इंग्लंडमध्ये तर तीन वर्षांची पदवी आधीपासूनच आहे. आपलीही तिच्याच वळणाची. तेव्हा ‘तीन वर्षं’ हा आकडा ऐकून युरोपात कुणी दार लावून घेत नाही.

अडचण दुसरीकडे आहे आणि ती तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. तुझ्या जुन्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षी रसायनाबरोबर भौतिक, गणित किंवा वनस्पतिशास्त्र असे विषय होते, दुसऱ्या वर्षी त्यातले एक-दोन राहिले आणि पूर्ण रसायन आलं ते तिसऱ्या वर्षी. जर्मनीतला रसायनाचा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून रसायन करतो. गणित-भौतिक असतं, पण रसायनाला लागेल तेवढं. शेवटी तो काही आठवडे प्रयोगशाळेत बसून छोटा प्रबंध लिहितो. वर्षं दोघांचीही तीन, पण रसायनाचे तास सारखे नाहीत. तिथला विभाग तुझ्या गुणपत्रिकेत कार्बनी किती, अकार्बनी किती, भौतिकी रसायन किती, प्रॅक्टिकल किती असं मोजतो. त्यावरून कुणी घेतात, कुणी ‘हे दोन विषय पहिल्या वर्षात भरून काढा’ अशा अटीवर घेतात, कुणी नाही म्हणतात. म्हणजे लढाई वर्षांची नाही, तासांची आहे. आणि तास कागदावर दाखवता येतात. त्याबद्दल पुढे सांगते.

क्रेडिटचे आकडे पाहून गोंधळू नकोस. एका शैक्षणिक वर्षाला अमेरिका साधारण ३० क्रेडिट देते, आपल्याकडचा नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा किमान ४०, युरोप ६० आणि ब्रिटन १२०. तुझ्या घरी शेती आहे असं लिहिलं आहेस. एकच वावर एक एकर, ४० गुंठे किंवा साधारण ०.४ हेक्टर. सातबाऱ्यावर आकडा मोठा दिसला म्हणून वावर मोठं होत नाही. ब्रिटनची एम.एस्सी. १८० क्रेडिटची आणि जर्मनीची १२० क्रेडिटची हे वाचून ब्रिटनची मोठी समजणारे लोक मी पाहिले आहेत. ब्रिटनची दोन क्रेडिट म्हणजे युरोपचं एक, त्यामुळे १८० म्हणजे युरोपच्या हिशोबात ९०. आणि जमीन काळी आहे की मुरमाड, ते गुंठ्यांवरून कळत नाही. त्यासाठी वावरात जावं लागतं, इथे अभ्यासक्रम उघडून वाचावा लागतो.

तुझ्या ६८ टक्क्यांकडे येते. यावर तू सर्वांत कमी लिहिलं आहेस, पण घरात सर्वांत जास्त बोललं जात असेल ते यावरच, असा माझा अंदाज आहे. ‘फक्त ६८’ असं लिहिलं आहेस. त्यातला ‘फक्त’ काढून टाक. ब्रिटनमध्ये ७० आणि त्यावर म्हणजे फर्स्ट क्लास, ६० ते ६९ म्हणजे अपर सेकंड. तिथे ८०च्या वर गुण क्वचित दिले जातात. तिथली विद्यापीठं आपापल्या संकेतस्थळावर ‘भारत’ या नावाखाली किती टक्के लागतील ते लिहितात. कुठे ५५, कुठे ६०, कुठे त्याहून जास्त, आणि काही ठिकाणी हा आकडा तुझं विद्यापीठ कोणतं यावरही बदलतो. एजंटचा शब्द घेण्याआधी ते पान स्वतः उघड.

जर्मनीत गुण उलटे चालतात. १.० सर्वांत चांगले, ४.० म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्या मापात बसवायला एक सूत्र वापरतात, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर. कमाल गुणांतून उत्तीर्ण होण्याचे किमान गुण वजा कर. पहिल्याला दुसऱ्याने भाग, आलेल्या उत्तराला ३ ने गुण आणि त्यात १ मिळव. कमाल १००, तुझे ६८, पास होण्याला ४० धरले तर ३२ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १. उत्तर येतं २.६.

आता हाच हिशोब पासचे गुण ३५ धरून कर. ३२ भागिले ६५, गुणिले ३, अधिक १. उत्तर येतं २.४८.

तिथल्या अनेक एम.एस्सी. अभ्यासक्रमांची प्रवेशाची रेघ २.५ वर असते. तुझे गुण तेच, मेहनत तीच, पण पासचे गुण ४० की ३५ यावर तू रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे जातेस. हे पासचे गुण कुठे असतात? बहुतेक गुणपत्रिकांच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, श्रेणींच्या तक्त्याखाली. तू मला गुणपत्रिकेचे जे फोटो पाठवलेस ते सगळे पुढच्या बाजूचे आहेत. आपण सगळे तेच करतो. झेरॉक्सवालाही विचारत नाही, मागची बाजू कुणी काढत नाही, आणि अर्जासोबत अर्धी गुणपत्रिका जाते. मग तपासणारा स्वतःच्या माहितीने किमान गुण धरतो. विद्यापीठाचा जो नियम छापलेला असेल तोच लाव, आपल्या सोयीचा नको. पण छापलेला आहे तर तो त्यांच्यापर्यंत पोचू दे.

‘हॉखशूल’बद्दल बाबांना सांग की शब्द फसवा आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘उंच शाळा’ असा होत असला तरी जर्मनीत तो उच्च शिक्षणाच्या संस्थेसाठी वापरतात. उपयोजित विज्ञानाच्या संस्थांच्या नावात तो असतो. तिथली एम.एस्सी. पूर्ण एम.एस्सी.च आहे, तिचा कल उद्योगाकडे असतो आणि विद्यापीठाचा संशोधनाकडे. नावं अशी बरीच फसवतात. जर्मनीची जुनी ‘डिप्लोम’ ही पदवी एम.एस्सी.च्या तोडीची होती, आपल्याकडचा डिप्लोमा वेगळा. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा, ग्लासगो अशा जुन्या विद्यापीठांत एम.ए. ही बारावीनंतरची पहिली पदवी आहे, चार वर्षांची. आणि हे मात्र तुझ्या मैत्रिणींनाही सांग: कॅनडातल्या कॉलेजांचं एक वर्षाचं ‘पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट’ ही एम.एस्सी. नव्हे. नोकरीला त्याचा उपयोग होतो, ते वाईट नाही, पण परत येऊन ‘मी मास्टर्स केलं’ असं म्हणता येत नाही. लाखो रुपये भरून झाल्यावर हे कळलेल्या एका मुलाचे वडील माझ्यासमोर बसून रडले आहेत.

बाबांची दुसरी शंका जास्त वजनाची आहे, कारण ती तुझ्या परतण्याबद्दल आहे. एक वर्षाची ब्रिटिश एम.एस्सी. भारतात चालते का? पूर्वी याबद्दल खरोखरच अडचण होती. बाबांनी ऐकलं ते त्या काळातलं असावं. २१ जुलै २०२२ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात एकमेकांच्या पदव्या मानण्याचा सामंजस्य करार झाला आणि त्यात एक वर्षाची मास्टर्सही धरली गेली. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, वास्तुशास्त्र अशा व्यावसायिक पदव्या मात्र त्यातून वगळल्या आहेत. त्यांच्यासाठी ज्या-त्या परिषदेचे नियम. तू रसायनाची आहेस, औषध कंपनीत काम करतेस. एजंटने उद्या फार्मसीच्या एखाद्या अभ्यासक्रमाचं नाव सुचवलं तर हा फरक लक्षात ठेव. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम काढले. त्यांचा गाभा असा: परदेशी संस्था तिच्या देशात मान्यताप्राप्त हवी, प्रवेशाची पात्रता आपल्याकडच्या तशाच अभ्यासक्रमाशी मिळतीजुळती हवी आणि शिक्षण फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे एका संस्थेचं नाव घेऊन दुसऱ्याच संस्थेने चालवलेल्या वर्गात, घेतलेलं नसावं. हे बसत असेल तर समकक्षतेचं प्रमाणपत्र मागता येतं.

तेव्हा भारतात कुणी धरणार नाही, ही भीती तुझ्या बाबतीत आता फारशी उरत नाही. पण वाचणारा बदलला की उत्तर बदलतं, तेही बघ. समजा तुला पुढे जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करायची आहे. तिथली काही विद्यापीठं पदवी आणि पदव्युत्तर मिळून ३०० क्रेडिट मागतात. तीन वर्षांचे १८० आणि ब्रिटनचे ९० मिळून २७० होतात. ३० कमी. काही जण याकडे दुर्लक्ष करतात, काही करत नाहीत. म्हणजे जी एम.एस्सी. भारतात चालेल, ती युरोपातच शेजारच्या देशात अडू शकते. आणि समजा पीएच.डी. तुझ्या मनात नाहीच, औषध कंपनीत पुढे जायचं आहे. मग समकक्षतेचं प्रमाणपत्र तुला बहुधा कुणी विचारणारही नाही. विचारतील ते कोणती उपकरणं हाताळलीस, इंटर्नशिप कुठे केलीस. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला वेळ मिळतो का, हे मग तुझ्यासाठी क्रेडिटपेक्षा मोठं.

मागे वळून पाहिलं तर हा प्रश्न जुनाच आहे. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विद्यापीठाची बी.ए. घेऊन १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. १९१५ मध्ये तिथली एम.ए., पुढे लंडनची एम.एस्सी. १९२१ मध्ये आणि डी.एस्सी. १९२३ मध्ये. कोलंबियाची पीएच.डी. मात्र कागदोपत्री १९२७ मध्ये मिळाली, कारण तिथे प्रबंध छापून त्याच्या प्रती जमा कराव्या लागत. लंडनने सर्वोच्च पदवी दिली होती म्हणून कोलंबियाने आपला नियम सोडला नाही. त्यांनी तो नियम पुरा केला. ज्या दारातून जायचं, त्या दाराची अट त्या दारातच विचारायची आणि जशीच्या तशी पुरी करायची, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले.

खर्चाबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे. घर तारण ठेवून ३० लाखांचं कर्ज काढायचं असेल तर पदवी मिळाल्यावर तिथे राहून नोकरी शोधायला किती दिवस मिळतात, हा हिशोब पदवीच्या दर्जाआधी मांडायला हवा. ब्रिटनमध्ये आतापर्यंत मास्टर्सनंतर दोन वर्षं मिळत होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने मिळतील. तू आता निघालीस तरी तुझा अर्ज त्या तारखेनंतरचाच असेल. एजंटच्या कागदावर अजून ‘दोन वर्षं’ लिहिलेलं असेल तर त्याला विचार. जर्मनीतही पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी सुरू केली आहे. पण ‘फी नाही’ म्हणजे ‘खर्च नाही’ असं मामांनी समजू नये. व्हिसासाठी एका वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात आधी दाखवावे लागतात. दहा लाखांच्या वरची रक्कम आहे ती. ती तुलाच दर महिन्याला राहण्या-खाण्यासाठी परत मिळते, पण उभी आधी करावी लागते. आणि अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी प्रयोगशाळेबाहेर नोकरी जर्मनमध्ये असते. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा ऑनलाइन, भाषा आजपासून सुरू कर. एक वर्षाने पोटापुरती येईल.

तुझ्या पत्रात तिसरा रस्ता नाही, याचं मला वाईट वाटलं. इथेच दोन वर्षांची एम.एस्सी. करायची. आयआयटींसाठी जॅम परीक्षा असते, दर वर्षी फेब्रुवारीत. आपल्या विद्यापीठांचे रसायन विभागही आहेत. त्यानंतर परदेशात पीएच.डी.साठी अर्ज करायचा. रसायनात जर्मनीतली पीएच.डी. ही बहुतेकदा पगारी जागा असते आणि अमेरिकेत फी माफ होऊन विद्यावेतन मिळतं. म्हणजे ज्या वयात तू कर्ज फेडत बसशील, त्या वयात कुणीतरी तुला शिकायचे पैसे देईल. शिवाय ३ अधिक २ अशी पाच वर्षं झाली की तीन वर्षांच्या बी.एस्सी.वरचा बहुतेक वाद संपतो. संशोधनाची खरी ओढ असेल तर माझं मत या रस्त्याला आहे. नोकरीच हवी असेल आणि बाहेरच जायचं असेल तर आधी जर्मनीचे अर्ज. घर तारण ठेवून इंग्लंड, हे या वर्षी नको. दुसऱ्या कुणाला, ज्याच्यावर कर्जाचं ओझं नाही किंवा ज्याला शिष्यवृत्ती मिळाली आहे, त्याला मी तेच इंग्लंड आनंदाने सुचवेन. तिथल्या शिक्षणात खोट नाही.

भावाबद्दल विचारलंस, त्यात थोडी बोच जाणवली. नव्या आराखड्यात तीन वर्षांनंतरही पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते. त्याला पुढे एम.एस्सी. एका वर्षाची असेल. तू तीन अधिक दोन, तो चार अधिक एक. पाचव्या वर्षाच्या शेवटी दोघं एकाच ठिकाणी. अमेरिकेचे अर्ज त्याला सोपे जातील, एवढाच खरा फरक.

आता कागद. हे सगळ्यांच्याच कामाचं आहे, म्हणून नीट सांगते. मी तीस वर्षं कॉलेजात रसायन शिकवलं. एक मुलगी जर्मनीला अर्ज करत होती, तिथल्या विभागाने तिच्या तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रम मागितला, प्रत्येक विषयाचे तास आणि प्रयोगांच्या यादीसह. तोवर पॅटर्न बदललेला होता. संकेतस्थळावरून जुना अभ्यासक्रम काढून टाकलेला, ऑफिसात कुणाकडे प्रत नाही. शेवटी आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी स्टोअरच्या कपाटातून जुन्या जर्नलांच्या गठ्ठ्याखालून एक प्रत काढली, कडा पिवळ्या पडलेल्या, टाचणीला गंज चढलेला. तिच्या झेरॉक्स काढून प्रत्येक पानावर शिक्का आणि सही घेतली. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत पानं टेबलावर पसरून ठेवली होती, पंखा बंद करून. त्या ४६ पानांवर तिला प्रवेश मिळाला. तिचे गुण तुझ्यापेक्षा कमी होते.

तुझा पॅटर्नही नुकताच गेला आहे. या महिन्यातच कॉलेजात जा आणि तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रम तास-क्रेडिटसह शिक्का मारून घे. विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज टाक. पाच-सहा प्रती घे, त्यातल्या दोन-तीन बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर शिक्का असलेल्या. जर्मनीसाठी ‘आनाबिन’ या तिथल्या सरकारी माहितीकोशात आधी तुझ्या विद्यापीठाचं नाव शोध. कॉलेजचं नाव नाही दिसलं तर लगेच घाबरू नकोस, तुझी पदवी विद्यापीठाने दिलेली आहे. नावापुढे ‘एच’ आणि अधिक चिन्ह असेल तर संस्था मान्य. वजा असेल तर नाही. दोन्ही असतील तर विचारून घ्यावं लागतं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं, म्हणजे कागद खरे असल्याची तपासणी. त्याला वेळ लागतो, म्हणून ते अर्जांच्या आधी. ब्रिटनचं बघायचं असेल तर तिथे ‘एनिक’ ही संस्था परदेशी पदवी तिथल्या कोणत्या पातळीची ते सांगते. पण प्रवेश द्यायचा की नाही, ते विद्यापीठच ठरवतं.

आणि विभागाला थेट ईमेल लिही. एजंटकरवी नको. ‘माझी पदवी चालेल का?’ असं विचारलंस तर ‘अर्ज करा, मग बघू’ असं उत्तर येईल. त्याऐवजी लिही: ‘माझ्या तीन वर्षांत कार्बनी रसायनाचे इतके तास, भौतिकी रसायनाचे इतके, प्रॅक्टिकलचे इतके झाले आहेत. सोबत अभ्यासक्रम जोडला आहे. कोणत्या विषयात कमी पडते?’ नकार आला तरी कारण विचार. युरोपातल्या देशांनी १९९७ च्या लिस्बन करारात मानलेलं तत्त्व असं की फरक आहे एवढ्यावर पदवी नाकारायची नाही, तो फरक भरीव आहे हे नाकारणाऱ्याने दाखवायचं. आपण त्या करारात नाही, पण तिथल्या कचेऱ्यांना त्या पद्धतीची सवय आहे. विचारलं की बरेचदा कारण सांगतात. कारण कळलं की पुढच्या अर्जाच्या आत तो विषय भरून काढता येतो.

या रविवारी बाबांना सोबत घेऊन बस. त्यांना समजवायला नको, हिशोब करायला बस. ते शिक्षक आहेत, सूत्र त्यांना तुझ्याआधी कळेल. कंपनीतली ट्रेनीची जागा अजून सोडू नकोस, तो अनुभव तिन्ही रस्त्यांवर मोजला जाणार आहे. आणि गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला पासचे गुण किती छापले आहेत, ते मला कळव. त्यावरून जर्मनीच्या कोणत्या अभ्यासक्रमांना आधी अर्ज करायचा, ते आपण ठरवू.